शिडी, दोर, पारंबी : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

पेमगिरीचा वड संगमनेर तालुक्यात आहे. एकराहून जास्त जागा व्यापून तो पसरलेला आहे आणि त्याच्याखाली उभं राहिलं की मूळ खोड कोणतं हे चटकन सांगता येत नाही. कारण अर्थातच पारंब्या. फांदीवरून सुटलेली पारंबी हवेत लोंबते तोवर तिला धरून झुलता येतं. तीच जमिनीला टेकून रुजली की काही वर्षांत तिचा खांब होतो आणि मग तिच्यावर चढता येतं. वस्तू एकच; एकीचं खालचं टोक मोकळं आणि दुसरीचं बांधलेलं, एवढाच फरक. प्लॅटफॉर्म प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये चढायच्या आणि झुलायच्या ज्या वस्तू असतात, म्हणजे शिड्या, वेली, साखळ्या, दोर, खांब, कड्यांच्या कडा, त्यांच्या अभ्यासात शिरायला अहिल्यानगर जिल्ह्यात याहून सोयीची जागा मला तरी माहीत नाही.

विषय ऐकून आधी हसू येतं, ते साहजिक आहे. पडद्यावरच्या शिडीवर कोणी प्रबंध लिहावा का? माझ्या मते लिहावा. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम आपल्याकडे आले, सोबत एकीत हजारो खेळ असल्याची फुशारकी मारणाऱ्या कॅसेटी आल्या. (प्रत्यक्षात तेच दहा-पंधरा खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे.) त्या वेळी जे दहा-बारा वर्षांचे होते त्यांच्या अंगठ्यांना या विषयाचा निम्मा भाग पाठ आहे. उरलेला निम्मा सूरपारंब्या खेळलेल्यांना, गडकोट हिंडणाऱ्यांना आणि मल्लखांबावर घाम गाळलेल्यांना ठाऊक आहे. म्हणून या विषयात येणाऱ्याला संगणकाची पदवी लागत नाही. ज्याच्याकडे जे आहे ते घेऊन त्याने यावं.

आता मूळ मुद्दा. दोन्ही टोकं बांधलेल्या वस्तूवर खेळाडूला थांबता येतं. शिडीच्या मधल्या पायरीवर उभं राहून वरून काय येतंय ते पाहता येतं, हवं तर परत उतरता येतं. एकच टोक बांधलेल्या वस्तूवर थांबण्याची सोय नसते. दोर झुलतोच आहे. सुटायचं कधी, एवढंच खेळाडूच्या हातात उरतं. म्हणजे शिडी जागेचा प्रश्न विचारते आणि दोर वेळेचा. या विषयातला बराचसा विचार या फरकातून फुटतो असं माझं मत आहे आणि ते तपासून पाहावं अशी वाचकाला विनंती आहे.

तपासायला ‘पिटफॉल’ घ्यावा. डेव्हिड क्रेन यांनी अ‍ॅटारी २६०० साठी केलेला हा खेळ १९८२ साली अ‍ॅक्टिव्हिजनने आणला. सगळा खेळ ४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये, जंगलाचे पडदे २५५, शोधायचे खजिने ३२ आणि वेळ २० मिनिटं. हॅरी नावाचा नायक खड्ड्यांवरून, मगरींच्या डबक्यांवरून वेलीला लटकून पलीकडे जातो. मात्र याच खेळात शिड्याही आहेत, त्या जमिनीखालच्या भुयारात उतरतात. भुयारातली वाट एका दमात तीन पडदे पुढे नेते. तिथे विंचू आहे आणि कधी पुढे भिंत आडवी येते. वर वेल, खाली शिडी. शिडीवर हॅरीला कितीही वेळ उभं करा. वेलीशी उडी चुकली की मगरीचा जबडा. त्यात २० मिनिटांचं घड्याळ सतत चालू असल्यामुळे शिडीवरची फुरसतही फुकट मिळत नाही. चार किलोबाइटमध्ये एवढा विचार बसवलेला पाहिला की हल्लीच्या शंभर गिगाबाइटच्या खेळांविषयी थोडं जपूनच बोलावंसं वाटतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९८० सालच्या ‘स्पेस पॅनिक’मध्ये शिड्या होत्या, पण उडी नव्हती. १९८१ साली निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यांनी ‘डाँकी काँग’मध्ये शिडी आणि उडी एकत्र आणली आणि या प्रकाराला आकार आला. त्यातली शिडी निवांत नाही. पिंपं कधी तिच्यावरून गडगडत खाली येतात. काही शिड्या मधेच तुटलेल्या. आणि हातोडा हाती असेल तोवर नायकाला ना चढता येतं ना उडी मारता येते. शस्त्र घ्या किंवा वाट घ्या, दोन्ही एकदम मिळणार नाहीत. पुढच्याच वर्षी आलेला ‘डाँकी काँग ज्युनिअर’ तर आपल्या विषयाचा पहिला पाठ्यग्रंथच म्हणावा लागेल. आधीच्या खेळाचा नायक मारिओ इथे खलनायक आहे आणि पिंजऱ्यातल्या बापाला सोडवायला माकडाचं पोर वेलींवरून चढतं. नियम असा की दोन हातांत दोन वेली धरल्या तर वर भरभर जाता येतं, आणि एकाच वेलीवर असताना खाली झरकन घसरता येतं. दोन वेली धरलेलं पोर रुंद होतं, म्हणून वेलींवरून सरपटत येणाऱ्या जबड्यांच्या तावडीत लवकर सापडतं. वेग आणि जोखीम यांचा हा सौदा खेळाडूला कोणी लिहून सांगत नाही. दोन-चार लाइफ गेल्या की हातांना कळतं.

त्याच १९८२ साली टायटो कंपनीच्या ‘जंगल किंग’मध्ये एका वेलीवरून दुसरीवर झेपावायचं होतं. टारझनचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी हरकत घेतली, तेव्हा खेळाचं नाव ‘जंगल हंट’ झालं आणि लंगोटीवाल्या नायकाच्या जागी टोपीवाला साहेब आला. झोक्यावर हक्क सांगता येतो की नाही हा प्रश्न कायद्याच्या विद्यार्थ्यांना गोड वाटेल. आपण पुढे जाऊ. १९८३ च्या ‘लोड रनर’मध्ये उडीच नव्हती. शिड्या होत्या, हातावर हात टाकत लटकत जायच्या आडव्या कांबी होत्या आणि जमीन खणायची सोय होती. आपल्याकडच्या त्या कॅसेटींमध्ये हा खेळ अनेकदा असायचा.

झोक्याचं गणित शाळेत सगळ्यांनी केलेलं असतं, पण ते खेळात पाहिलं की जास्त रुचतं. पाच मीटर लांबीच्या दोराला एक पूर्ण हेलकावा घ्यायला साधारण साडेचार सेकंद लागतात, लटकणारा पोर असो की पहिलवान. लांबी निम्मी केली तर वेळ निम्मा होत नाही, सव्वातीन सेकंदांच्या आसपास येतो. पडद्यावर साडेचार सेकंद म्हणजे फार झाले, खेळाडू कंटाळतो. म्हणून खेळांत गुरुत्व खऱ्यापेक्षा बरंच जास्त ठेवतात, किंवा मग दोर गणिताने हलतच नाही, आखून दिलेल्या चालीने हलतो. साठ अंशांवरून सोडलेला झोका सर्वांत खाली येतो तेव्हा हातांवर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ओढ येते. पारंबी नेमकी तिथेच निसटते, हे खेळलेल्या पोरांना न मोजता माहीत असतं. आणि सुटायचं कधी? तळाशी वेग सगळ्यांत जास्त असतो, पण तो आडवा. टोकाला उंची मिळते, पण वेग शून्य. योग्य क्षण या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो आणि तो सापडला की हाताला जो आनंद होतो त्याच्यासाठीच हे खेळ विकले जातात. १९९४ च्या ‘उमिहारा कावासे’ या जपानी खेळात तर दोराच्या जागी गळाची ताणली जाणारी दोरी आहे. ती वापरणारी मुलगी पहिल्या तासभरात पडण्याखेरीज काही करत नाही. हा खेळ नवशिक्यांनी आधी घेऊ नये.

शिडी मात्र बनवायला अवघड आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. पडदा लहान चौकोनांत विभागलेला असतो. पात्र शिडीच्या चौकोनात असताना खेळाडूने वरचं बटण दाबलं की त्याचं गुरुत्व बंद करायचं, त्याला ओढून शिडीच्या मध्यावर आणायचं, आडवी चाल थांबवायची. इथपर्यंत सोपं. सगळी पंचाईत वरच्या टोकाला आहे. खालून चढून येणाऱ्याला शिडीचं वरचं टोक उघडं दार हवं आणि मजल्यावरून चालत येणाऱ्याला तीच जागा घट्ट जमीन हवी. नाहीतर एकाचं डोकं आपटतं आणि दुसरा धाडकन खाली येतो. मधूनच उडी मारून शिडी सोडू द्यायची का, हा आणखी एक निर्णय. १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’त जिन्यावर असताना उडी मारता येत नाही. त्यावर चिडणारे खेळाडू आजही भेटतात आणि त्याच जड चालीवर प्रेम करणारेही. मी दुसऱ्या गटातला. भुताखेतांच्या वाड्यात जिना चढताना माणूस थोडा अडकलेला असावाच.

आता अकोले तालुक्यात जाऊ, कारण पुढचा प्रश्न तिथे अधिक नीट दिसतो. अमुक वस्तू धरता येते हे खेळाडूला कळतं कसं? १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईला बारी गावाकडून जाताना अवघड कातळांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. रतनवाडीतून रतनगडावर चढताना गणेश दरवाजाच्या आधी शिड्या लागतात. साम्रदकडून त्र्यंबक दरवाजाने यायचं तर कातळात कोरलेल्या उंच पायऱ्या. शिडी लांबूनच सांगते, इथून या. कोरीव पायरी जवळ गेल्यावर सांगते. आणि हाताची बोटं मावतील एवढी खोबणी काहीच सांगत नाही. ती पुढे गेलेल्या माणसाने दाखवावी लागते. जेम्स गिब्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ च्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं की आपण नुसते आकार पाहत नाही, ते आकार आपल्या शरीराला काय करू देतील हेही पाहतो. खोबणी उंच माणसाला पायरी असते आणि लहान पोराला नुसती भेग. गेममधल्या पात्राचं शरीर मात्र एकच, मापाचं आणि ठरलेलं असतं. म्हणून तिथे प्रत्येक भेग कोणीतरी त्या मापाने आखलेली असते, आणि जी आखलेली नाही तिला कितीही चिकटा, हात लागत नाही.

यावरूनच अलीकडे पिवळ्या रंगाचा वाद झाला. २०२३ साली नव्याने आलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’मध्ये धरायच्या शिड्या आणि फोडायच्या पेट्या पिवळ्या रंगाने माखलेल्या होत्या. खेळाडूला मूर्ख समजता काय, असा ओरडा झाला. माझी सहानुभूती रंगाऱ्यांकडे आहे. सह्याद्रीतल्या वाटांवर दगडांवर काढलेले बाण पाहून कोणी अपमान मानून घेत नाही, धुकं उतरल्यावर तर मुळीच नाही. पडद्यावरचं चित्र जितकं खऱ्यासारखं होत गेलं तितकं त्यातलं धुकं वाढलं. १९८१ च्या शिडीला रंगाची गरज नव्हती, कारण पडद्यावर शिडीखेरीज फारसं काही नव्हतंच.

उलटी बाजूही याच डोंगरांत आहे. १८१८ मध्ये मराठ्यांचं राज्य गेल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. किल्ला जिंकून भागणार नव्हतं. तो पुन्हा कोणाला चढता येऊ नये हा हेतू होता. अहिल्यानगर-नाशिक सीमेवरचं अलंग, मदन, कुलंग हे त्रिकूट आज गिर्यारोहकांना थरारक वाटतं त्यात या तुटलेल्या वाटांचा वाटा मोठा आहे. मदनवर जायचं तर कातळटप्पा लागतो, तिथे आता दोर लावतात. पायऱ्या होत्या तोवर तो शिडीचा गड होता, पायऱ्या गेल्यावर दोराचा झाला. खेळाची रचना शिकणाऱ्याने हे जरूर पाहावं. बाकी गडाला हात न लावता, फक्त चढायची वस्तू काढून घेऊन, तिथे जाणारा माणूसच बदलला. पूर्वी शिबंदी आणि पाण्याची घागर घेतलेली माणसं जात असतील; आता हेल्मेट घातलेली जातात.

मराठी पोरांच्या मनात आणखी एक वस्तू असते, तिची नोंद केली नाही तर कोणीतरी आठवण करून देईलच. ती म्हणजे तानाजी मालुसऱ्यांची घोरपड. इतिहासाच्या कसोटीला ती गोष्ट उतरत नाही, पण कल्पना म्हणून तिची जात वेगळी आहे. शिडी आणि पारंबी दुसऱ्याने आधीच लावून ठेवलेली असते. घोरपड आपण आपल्याला हवी तिथे फेकायची. १९८८ च्या निन्टेन्डोवरच्या ‘बायोनिक कमांडो’त नायकाला उडी मारता येत नाही, पण त्याचा यांत्रिक हात लांब जाऊन छताला आकडा टाकतो. २००४ च्या ‘स्पायडर-मॅन २’मध्ये जाळ्याचा धागा खरोखरच्या इमारतीला चिकटू लागला, त्याआधी तो बऱ्याचदा आभाळालाच लागायचा. टोक कुठे बांधायचं हे खेळाडूने ठरवायचं म्हटलं की माझी वरची दुहेरी विभागणी अपुरी पडते. पडू दे. तिसरं प्रकरण तिथूनच सुरू व्हावं.

शरीराच्या बाबतीत मात्र व्हिडिओ गेम अजून गरीब आहे, आणि इथे मल्लखांबाकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मल्लस्तंभाचा उल्लेख येतो, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवा जन्म दिला असं मानतात. आज तिचे मुख्य तीन प्रकार आहेत : जमिनीत पुरलेला मल्लखांब, साखळीने टांगलेला मल्लखांब आणि दोराचा मल्लखांब. बांधलेलं टोक, मोकळं टोक आणि ज्याला ताठपणाच नाही असा दोर, म्हणजे आपल्या विषयाचे वर्ग आखाड्यात आधीच पाडलेले आहेत. पुरलेल्या खांबाला एरंडेल चोळतात, कारण घर्षण जसं घसरू देत नाही तसं फिरूही देत नाही. दोरावर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरतात. मांडी, गुडघ्याची लवण, काख, मान, सगळ्यांना काम असतं. अढी, दसरंग, फरारा अशी प्रत्येक पकडीला आणि उडीला नावं आहेत. पडद्यावरचा नायक मात्र चाळीस वर्षं हातापायांच्या त्याच चार चौकटींत वर-खाली करतो आहे.

अपवाद शोधताना पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ पाहावा. २०२० साली तो आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांच्या नामांकनांत होता. हरवलेल्या भावाला शोधणारी राजी खांबांवर चढते, भिंतीवरून धावते आणि लढताना खांबाला धरून गर्रकन फिरत वार करते. खांब चढण्यापुरता न ठेवता लढण्याचा भाग केला, हे मला त्यातलं सर्वांत आपलं वाटतं. चढण्याच्या भागात तो थोडा हात धरून चालवतो. तिथे अजून जागा होती.

दमण्याविषयी दोन शब्द. जुन्या खेळांत शिडीवर कोणी दमत नसे. २००५ च्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये राक्षसाच्या केसांना लोंबकळणाऱ्या मुलाची पकड हळूहळू सुटते. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये डोंगर चढणारी मुलगी भिंतीला ठरावीक वेळच चिकटू शकते आणि शक्ती संपत आली की लाल लुकलुकते. म्हणजे बांधलेल्या वस्तूवरही घड्याळ बसवलं गेलं. २०१७ च्या ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये जवळपास कुठल्याही कड्यावर चढता येतं, पण पाऊस आला की पाय घसरतात. खेळाडू पावसाला शिव्या देतात. आषाढात हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर गेलेल्या माणसाला त्यात काही अन्याय दिसत नाही.

आणि नियम? वस्तू एकटी काही करत नाही. सूरपारंब्यात झाडाखाली गोल आखतात, एक जण पायाखालून काठी दूर फेकतो, राज्य आलेला ती आणून गोलात ठेवीपर्यंत बाकीचे झाडावर पसार होतात. मग वरच्यांनी उतरून काठीला हात लावायचा आणि राज्यवाल्याने त्याआधी त्यांना शिवायचं. फांदीवर सुरक्षित आहात, पण तिथे बसून डाव जिंकता येत नाही. खाली यायची सर्वांत जलद वाट म्हणजे पारंबी, आणि तीच राज्यवाल्याच्या नजरेसमोर. गावागणिक नियम थोडे बदलतात. ते बदल कोणी तालुक्यानिशी गोळा केले तर खेळांच्या रचनेवरचा उत्तम ऐवज तयार होईल, आणि ते सांगू शकणारी माणसं आता साठीच्या पुढची आहेत, तेव्हा हे काम आधी हाती घ्यावं.

नव्या अभ्यासकाने सुरुवात कशी करावी असं कोणी विचारलं तर मी ‘डाँकी काँग ज्युनिअर’चा पहिला पडदा सांगेन. वही जवळ ठेवा. आधी एकाच वेलीवरून वर जा, मग दोन वेली धरून जा आणि दोन्ही वेळा मोजा. मग उतरताना मोजा. कुठे थांबता आलं, कुठे आलं नाही, थांबलात तेव्हा पडद्यावर कुठे पाहत होतात, हे लिहून काढा. त्यानंतर हाच पडदा व्हिडिओ गेम कधीही न खेळलेल्या माणसाच्या हातात द्या, शक्यतो मल्लखांब किंवा झाडं चढलेल्या, आणि काही न सांगता त्याचे हात पाहा. पहिली टिपणं एवढ्यावर होतात. पुढची प्रकरणं ती टिपणं हाताशी आहेत असं गृहीत धरून वाचावीत.